पायरीवरची नर्मदा

"नाव तुमीच घाला की, बाई. आमाला काय कळतंय त्यातलं?"

दर जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी निदान दहा वेळा तरी ऐकत असे. समोर दाखल पुस्तक, दौत आणि टाक. टेबलापलीकडे एखादा गिरणीतला बाप किंवा डोक्यावरून पदर ओढलेली आई. आणि त्यांच्या धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या आडून अर्धं तोंड बाहेर काढून मला न्याहाळणारी एक पोर. मी आयुष्यभर बिगरीची बाई. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. पाटी उलटी धरणारी, नाक पुसायला पदर शोधणारी, 'आईकडे जायचंय' म्हणून गळा काढणारी सगळी प्रजा प्रथम माझ्या ताब्यात यायची. वरच्या वर्गांच्या बाया आपल्या मुलींच्या निबंधांची कौतुकं सांगत, तेव्हा मी मनात म्हणायची, त्या पोरीला आधी मांडी घालून बसायला कोणी शिकवलं ते विचारा.

दिवाळी अंकासाठी 'शाळेतल्या गमती' लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. गमती पोतंभर आहेत. पण आज बसून आठवायला लागले तर माझ्या डोळ्यांपुढे एक वीटच येते. साधी, भाजलेली, एका कोपऱ्यावर टवका उडालेली वीट. तेव्हा गमतींची हौस दुसऱ्या कोणीतरी भागवावी. मी विटेबद्दल लिहिते.

आमची मुलींची शाळा सोलापूरच्या पूर्वेकडच्या पेठेत होती. सकाळी दहाला गिरणीचा भोंगा ऐकू यायचा आणि भोंगा थांबला की आसपासच्या घरांतले हातमाग ऐकू यायचे. वर्गात मराठी घरच्या मुली असत, कानडी असत, दोनचार दखनी बोलणाऱ्या असत, आणि निम्म्याहून जास्त तेलुगू विणकरांच्या. मराठी कोणाला किती येतं हे जूनमध्ये कळत नसे. दिवाळीपर्यंत मात्र सगळ्या माझ्यासारखं बोलायला लागत. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या, की तुमच्या वर्गातून आलेल्या मुली भांडतानासुद्धा तुमच्यासारख्या हेल काढतात.

तर दाखल पुस्तक. त्यात मुलीचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसायची. "आंब्याच्या दिसांत झाली" एवढ्यावर मी तारीख ठरवायची. नावाचंही तसंच. घरी चिंगी, दगडी, बुट्टी असली काहीतरी हाक असायची आणि ती शाळेच्या पुस्तकात लिहायची आईबापांना लाज वाटायची. मग ते माझ्यावर सोपवत. त्या पेठेतल्या कितीतरी बायका आज मी दिलेलं नाव लावून संसार करताहेत. मला त्याचा फार तोरा होता. तो उगाच नव्हता, हेही सांगते.

एकदा करमाळ्याकडून गिरणीत कामाला आलेला एक माणूस पोरीला घेऊन आला. नाव विचारलं तर म्हणाला, "नकूसा." चौथी मुलगी. नको असताना झाली, म्हणून नकूसा. तो हे इतक्या सहज बोलला, की जणू काही तिचा रंग सावळा आहे असं सांगत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि दाखल पुस्तकात ठसठशीत लिहिलं: 'कुसुम'. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लिवा की काय बी." पण ती पोर! शाळा सुटेपर्यंत तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. आठ दिवसांत तिची मान वर झाली. महिन्याभरात ती दुसऱ्या मुलींना "ए, माझं नाव कुसुम हाय" असं दरडावून सांगायला लागली. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की नावं द्यावीत तर मीच.

आणि इथंच माझं चुकलं.

पुढच्याच वर्षी एक तेलुगू विणकर आपल्या मुलीला घेऊन आला. त्याला मराठी बेताचंच येत होतं. मुलीचं नाव त्यानं सांगितलं, नरसम्मा. पोर सहा वर्षांची, सडपातळ, केसांना भरपूर तेल आणि डोळे टपोरे. मी म्हटलं, हे काय म्हाताऱ्या बाईसारखं नाव! आणि लिहिलं: 'नर्मदा'. मोठ्यानं वाचून दाखवलं. बापानं मान हलवली आणि अंगठा उठवला. त्याला काय समजलं, देव जाणे. पोरीला मी विचारलंच नाही. कुसुमलाही कुठं विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना पुकारलं, "नर्मदा." कोणी ओ देईना. पुन्हा पुकारलं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि नर्मदा कोण ते बघायला मागं वळून पाहत होती. मी हसले आणि पुढं गेले. आठ दिवस हसले. मग हसू ओसरलं. शेजारच्या मुलीनं कोपर मारलं की ती दचकून "हजर" म्हणायची, तेही इतकं हळू की आपल्याला दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायला सांगितलंय की काय, असं वाटावं.

त्या काळी वर्गात नंबरानं बसायची पद्धत होती. उत्तर आलं की मुलगी वर सरकायची, नाही आलं की खाली. दर शनिवारी नंबर बदलत. पहिला नंबर खिडकीशी, वाऱ्यात. शेवटचा नंबर दाराशी, पायरीला लागून, जिथं सगळ्यांच्या पायांची धूळ यायची. त्या जागेला मुली 'पायरी' म्हणत. पहिल्या नंबरच्या मुलीला शनिवारी हटकून ताप यायचा, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. पायरीवरच्या मुलीचं काय होतं, ते कळायला तर वीटच लागली.

नर्मदा दिवाळीआधीच पायरीवर गेली आणि तिथंच राहिली. वर्षाच्या शेवटी नापास. दुसऱ्या वर्षी पुन्हा माझ्याच वर्गात, पुन्हा पायरीवर. मी काही दुष्ट नव्हते हो. मला तिची दया येत असे. म्हणून तिला मी मुद्दाम सोपे प्रश्न विचारायची. इतर मुलींना पाढे, तिला सगळ्यांत सोपा प्रश्न: "तुझं नाव काय गं?" आणि ती खाली मान घालून गप्प. वर्ग फिदीफिदी हसायचा. जिला स्वतःचं नाव सांगता येत नाही तिच्याबद्दल मास्तरणीनं काय समजावं? मी शेऱ्याच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'बुद्धी मंद'.

आणखी एक केलं, ते आज लिहितानाही हात अडतो. दुसऱ्या वर्षी, पायरीवर कोपर मारायला शेजारी कोणी उरलं नाही आणि ती ओ देईना, तेव्हा वैतागून मी तिची गैरहजेरी मांडू लागले. पोर माझ्या डोळ्यांसमोर बसलेली, आणि हजेरीपत्रकात गैरहजर. "ओ दिलीस तर हजेरी," असं मी तिला बजावलं होतं. शिस्त लावतेय, असं मला वाटत होतं. दिवसांमागून दिवस ती येत होती, बसत होती आणि कागदावर नव्हतीच.

शाळा तपासायला येणाऱ्या सरकारी डिपोटी साहेबांच्या वार्षिक परीक्षेला महिना उरला, तेव्हा मी ठरवलं की तिच्या घरी जाऊन सांगावं, मुलीला शाळेतून काढा. उगाच डिपोटींपुढं शोभा कशाला? रविवारी सकाळी मी त्यांच्या गल्लीत गेले. मार्चातलं सोलापूरचं ऊन, दोन्ही बाजूंना वाळत घातलेलं रंगीत सूत आणि घराघरातून मागाचा खडखडाट. तिच्या घराचं दार उघडं होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात आतून आवाज आला. माझाच.

"बसा खाली! हाताची घडी! बडबड कोण करतंय तिकडे?"

मी दाराआड थांबले. अंगणात एक टोपली पालथी घातलेली, तिच्यावर पायरीवरची माझी मंद पोर बसलेली, हातात बांबूची छडी. समोर चार लहान भावंडं ओळीनं. आणि अंगणातून ओसरीवर चढायच्या पायरीवर, एकटी, एक वीट उभी करून ठेवलेली.

ती हजेरी घेत होती. घरात सगळे तेलुगू बोलत, पण शाळा मात्र मराठीतली, आणि ते मराठी थेट माझं. माझा हेल, माझं नाकातलं बोलणं, चष्मा वर सारायची माझी लकब. चष्मा नव्हता, बोट तेवढं नाकावर जात होतं. पोरं तालात "हजर, हजर" म्हणत होती. मग ती विटेकडे वळली.

"नर्मदा."

वीट गप्प.

"नर्मदा! कान आहेत की भोकं? ओ द्यायला काय होतं? गैरहजर!"

तिनं जमिनीवर छडीनं रेघ ओढली आणि पाढ्यांकडे वळली. "सात पाचे? नाही येत? पस्तीस. घोका. सात सख? बेचाळीस." एकही चुकला नाही. पोरं घोकायला लागली. मग ती पुन्हा विटेकडे वळली. या खेपेला आवाज मऊ केला होता, मी तिच्याशी बोलताना करायची तसाच.

"नर्मदा, तू राहू दे हं. तुला नाही यायचं. तू नुसतं नाव सांग."

वर्गात मला शिव्या देणाऱ्या मुली पाहिल्या होत्या, नकला करणाऱ्या पाहिल्या होत्या. त्यानं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या मऊ आवाजानं मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

ओसरीवर एक म्हातारी राहाटावर कांड्या भरत होती. मागावर धोट्यात बसवायच्या सुताच्या गुंडाळ्या, त्या कांड्या. तिनं मला पाहिलं. "या की बाई, या. उन्हाचं कुटं आलासा? पानी घ्या." पाणी प्यायले. त्या काळी माझ्यासारख्या विधवेनं दुसऱ्या जातीच्या घरी पाणी प्यायचं नव्हतं. घरी सांगितलं नाही एवढंच.

म्हातारी म्हणजे पोरीची आजी. सगळं घर तिला अव्वा म्हणे. तिनं राहाट थांबवून विचारलं, "आमची नरसम्मा कशी शिकती?"

"कोण नरसम्मा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अव्वा हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "कोन म्हंजी? ही की. तुमची शाळंची."

"शाळेत तिचं नाव नर्मदा आहे. मीच दिलंय," मी म्हणाले. म्हणताना आवाज जरा कमीच निघाला.

"का?"

मला चांगलं वाटलं म्हणून, एवढंच कारण होतं. अव्वा उठून उभी राहिली. "बाई, माजं नाव हाय ते. नरसम्मा. म्या मरायच्या आदी माजं नाव तिला दिलंय. आमच्यात सासू बी सुनंचं नाव बदलत न्हाय, आन् तुमी शाळंत बसून बदललासा? माज्या नावाची पोर ढ कशी निगंल, म्हून म्या दोन वरीस इचार करतीया!"

आमच्यात सासू बी सुनंचं नाव बदलत न्हाय. आमच्यात बदलतात. माझं बदललं होतं. मी माहेरची ठकू. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि ताटातल्या तांदळात नवऱ्यानं नाव काढलं, जानकी. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वयंपाकघरातून "जानकी, जानकी" ओरडायच्या आणि मी अंगणात उभी राहून ही जानकी कोण, ओ का देत नाही, असा विचार करायची. महिन्याभरात घरात पसरलं, की सून ठोंबी आहे, कानानंही कमी आहे. वर्षभर मी खरोखरच ठोंबी झाले होते. हातातून भांडी पडायची. पुढं नवरा गेला, भावानं ट्रेनिंग कॉलेजात घातलं, मास्तरीण झाले, आणि हे सगळं विसरून गेले. विसरले ते विसरले, वर टाक घेऊन दुसऱ्यांच्या मुलींना जानक्या करत सुटले.

मी अंगणात त्या पोरीजवळ उकिडवी बसले. छडी मागं लपवून ती उभी राहिली होती.

"नर्मदा कोण गं?" मी विटेकडे बोट करून विचारलं.

"शाळंतली पोरगी हाय," ती म्हणाली. "तिला काय बी येत न्हाय."

"आणि तू?"

"म्या नरसम्मा. मला समदं येतंय."

माझ्यासमोर पहिल्यांदा तिनं स्वतःचं नाव सांगितलं. इतकं मोठ्यानं, की आतला माग क्षणभर थांबला.

मुलीला शाळेतून काढा, हे सांगायला गेले होते. ते गिळलं. अव्वाला म्हणाले, चूक माझी आहे. अव्वानंही काही गोड बोलून सोडलं नाही. पोरीचा बाप यंदापुरतीच वाट बघणार होता. पुन्हा नापास झाली तर शाळा बंद आणि राहाटावर बसायचं. "एक महिना हाय, बाई," अव्वा म्हणाली. "नाव तुमी घालवलंय. तुमीच आना."

सोमवारी मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेकडे गेले आणि नाव बदलून द्या म्हणाले. त्या म्हणाल्या, "दाखल पुस्तकात खाडाखोड? मग डिपोटी साहेब माझीच खाडाखोड करतील." पुस्तकात नर्मदाच राहिली. पण हजेरी पुकारायचं तोंड माझं होतं. मी वर्गात गेले आणि पुकारलं, "नरसम्मा."

वर्ग नवी मुलगी शोधायला लागला. पायरीवरून उत्तर आलं, "हजर!"

मी मुलींना सांगितलं, की इतके दिवस मी हिला चुकीच्या नावानं हाक मारत होते. मलाही लहानपणी असंच झालं होतं. माझं घरचं नाव ठकू. मग काय विचारता! "ठकू!" म्हणून वर्ग असा हसला की शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी लिहिणं-वाचणं झालं नाही. प्रत्येकीनं उठून आपलं घरचं नाव सांगितलं आणि शाळेत कोणतं हवं तेही सांगितलं. दुसरीत गेलेल्या कुसुमला कुठून तरी बातमी लागली. मधल्या सुट्टीत ती रडवेली होऊन आली. "बाई, माजं जुनं नाव परत देनार न्हाय ना?" मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, तू कुसुमच. एकीला नाव मिळालं म्हणून ती उभी राहिली आणि एकीचं गेलं म्हणून ती बसली. दोन्ही नावं मीच लिहिलेली, एकाच टाकानं. दोघींनाही आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

त्या आठवड्यात मी नंबर मोडले. रांगा दर सोमवारी फिरायला लागल्या. या आठवड्यात दाराशी बसलेली पुढच्या आठवड्यात खिडकीशी. हजेरीतही ती हजर लागायला लागली. पण लिहायला वाटतं तितकं हे सोपं झालं नाही. पाढे तिला येत होते. वाचन दोन वर्षांचं मागं पडलं होतं आणि वजाबाकीत ती हातचा घेऊन कुठं ठेवायची कोण जाणे. शाळा सुटल्यावर मी तिला अर्धा तास थांबवून घेत असे. सोपे प्रश्न बंद केले. चुकली की "राहू दे" म्हणायचं नाही, "पुन्हा कर" म्हणायचं, असा मी स्वतःला दंडक घातला. माझ्यासारख्या तापट बाईला तो पाळायला फार जड गेला.

एक दिवस पाटी पुसता पुसता तिनं विचारलं, "बाई, नर्मदा नापास व्हायची का?"

मी हातातलं पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "पुस्तकात तर तिचंच नाव हाय न्हवं? डिपोटी तिलाच इचारनार."

"मग तिलाही शिकवायला हवं," मी म्हणाले.

"ती ऐकत न्हाय."

"तू रागावतेस तिच्यावर. जरा न रागावता बघ. आणि 'तुला येत नाही' असं म्हणू नको. ते मी तिला फार वेळा सांगितलंय."

तिनं गंभीरपणे मान हलवली. अव्वा पुढं मला सांगत होती, की रोज संध्याकाळी पोर विटेपुढं बसून वजाबाकी शिकवते, आणि चुकली की स्वतःच म्हणते, "पुन्हा कर."

परीक्षेचा दिवस उजाडला. डिपोटी साहेब आले: बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, खिशात साखळीचं घड्याळ. मोठ्या बाई त्यांच्या मागं. मुली धुतलेल्या परकरांत. साहेबांनी माझं हजेरीपत्रक उघडलं आणि एकेक नाव पुकारत गेले. एका नावावर बोट थांबलं.

"नर्मदा. ही मुलगी वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर आहे. हजेरी भरत नाही. परीक्षेला बसता येणार नाही."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! महिनाभर मी वाचन घेतलं, वजाबाकी घेतली, नाव परत दिलं, आणि मीच मांडलेली गैरहजेरी तिच्या वाटेत आडवी पडली होती. पोर माझ्याकडे बघत होती. मोठ्या बाई डोळ्यांनी मला सांगत होत्या, गप्प बसा. गप्प बसणं सोपं होतं. 'आजारी असायची' म्हटलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पोरगी तेवढी राहाटावर गेली असती. आणि खरं सांगायचं, तर हजेरीपत्रकात खोटं मांडल्याची कबुली द्यायची. नोकरीवर गदा यायला तेवढं पुरत होतं, आणि मला नोकरीवाचून दुसरा आधार नव्हता.

"साहेब, ती हजर होती," मी म्हणाले. "रोज होती. गैरहजेरी मी मांडली."

"का?"

"ओ देत नव्हती म्हणून."

"ओ का देत नव्हती?"

"नाव तिचं नव्हतं. मी बदलून लिहिलं होतं. तिचं नाव नरसम्मा."

साहेबांनी चष्मा काढला. ते मुलीकडे वळले. "काय गं, खरं नाव कोणतं तुझं? नर्मदा की नरसम्मा?"

ती उठली. दोन पावलं पुढं आली.

"म्या नरसम्मा, साहेब. नर्मदा बी माज्यासंगं हाय. आता बोलती ती."

साहेबांच्या मिशा हलल्या. हसले की काय, मला सांगता येणार नाही. त्यांनी सात पाचे विचारलं, नऊ सख विचारलं, पुस्तकातलं पान वाचायला लावलं. वाचताना एकदा अडखळली, मागं गेली, पुन्हा वाचलं. मग पाटीवर वजाबाकी घातली. उत्तर चुकलं. साहेबांनी पाटी परत घ्यायला हात पुढं केला, तर ही म्हणाली, "थांबा, पुन्हा करते." डिपोटी साहेबांना थांबा म्हणणारी आमच्या शाळेतली ती पहिलीच मुलगी. साहेब थांबले. दुसऱ्या वेळी बरोबर आलं.

त्यांनी तिला पास केलं आणि शेरेबुकात लाल शाईनं मला झोडपलं: हजेरीपत्रक विश्वासार्ह नाही, शिक्षिकेस सक्त ताकीद. मोठ्या बाई महिनाभर माझ्याशी कामापुरत्याच बोलल्या. माझ्या सगळ्या नोकरीत हा एकच लाल शेरा. बाकी सगळे चांगले होते, 'काम समाधानकारक', 'वर्ग शिस्तबद्ध', असले. ते कुठं गेले मला ठाऊक नाही. लाल शेऱ्याची नक्कल मात्र मी स्वतःच्या हातानं उतरवून घेतली आणि ती आजही माझ्या ट्रंकेत आहे. नातवंडं विचारतात, आजी, शिक्षेचा कागद कशाला जपून ठेवलाय? भावाची नातवंडं ती, पण मला आजीच म्हणतात. मी सांगते, मला मिळालेलं बक्षीस आहे ते.

नरसम्मा चौथीपर्यंत शिकली. पुढं नाही, लग्न झालं. त्याची हळहळ मला आहे आणि राहणार. पण त्या दिवसानंतर मी बिगरीत जेवढ्या मुली घेतल्या, त्या सगळ्यांना आधी खाली बसून विचारलं, तुला काय म्हणून हाक मारू? एकही पोर गप्प राहिली नाही. तीन-चार वर्षांत शाळेतल्या इतर वर्गांतूनही नंबर गेले. मोठ्या बाईंनीच काढले आणि श्रेयही त्यांनीच घेतलं. घेऊ देत.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी निकाल सांगायला त्या गल्लीत गेले. वास्तविक निकाल माझ्या आधी पळत घरी पोचला होता. अव्वानं गूळ हातावर ठेवला. मग माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मी अंगणात पाहिलं. पायरी रिकामी होती.

"नर्मदा कुठं गेली गं?" मी विचारलं.

"पास झाली की, बाई!" नरसम्मा माझ्याकडं असं बघत होती, की एवढंही मला कसं कळत नाही. "आता कशाला बसंल तितं?"

तिनं बोट दाखवलं. पालथ्या टोपलीसमोर चार भावंडं नेहमीसारखी ओळीनं बसली होती. त्यांच्या ओळीत, अगदी मधोमध, दोन्हीकडून त्यांच्या मांड्यांना टेकून, ती टवका उडालेली वीट होती. तिला कुंकू लावलं होतं. मी चपला काढल्या आणि कोणी सांगायच्या आत त्या ओळीच्या शेवटाला जाऊन बसले.

नरसम्मानं नाकावरचा नसलेला चष्मा वर सारला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. भावंडं झाली, नर्मदा झाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं, जरा विचार केला आणि पुकारलं,

"ठकू?"

"हजर," मी म्हणाले.